असत्याची मुदत

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी, येथे दिल्लीतच एका स्नेह्यांच्या घरी, 'रूम' हा इंग्रजी चित्रपट पाहण्याचा आम्हांस योग आला. चित्रपट नवा नव्हे. तो २०१५ साली निघाला, आणि त्यातील मातेच्या भूमिकेबद्दल ब्री लार्सन या अभिनेत्रीस पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले, एवढे आम्ही वृत्तपत्रांतून वाचून होतो. सरकारी कारकुनाचे चित्रपट पाहणे सवडीप्रमाणे चालते. तेव्हा तो पाहण्यास इतका उशीर झाला याचे वाचकांस नवल वाटू नये.

चित्रपट संपल्यावर चहा झाला, आणि चहाबरोबर वादही झाला. लेखा विभागातील आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "काही झाले तरी त्या बाईने पाच वर्षे पोराला खोटेच सांगितले." यजमानीणबाईंस ते सहन झाले नाही. "लेकराला जगवण्यासाठी आईनं जे सांगितलं, त्याला खोटं म्हणायचं का भाऊसाहेब?" असे म्हणून त्या कपबशा गोळा करून आत निघून गेल्या. वाद तेथेच थांबला. परंतु घरी परतताना, व त्यानंतरही कित्येक दिवस, तो आमच्या मनात चालूच राहिला. त्याचे एक कारण खाजगी आहे. ते आम्ही शेवटी सांगणार आहोत.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेतील एका गावी जॉय नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीस एक मनुष्य, आपला कुत्रा आजारी आहे अशी थाप मारून, फसवून नेतो आणि घरामागील एका छपरीत कोंडून ठेवतो. छपरीस खिडकी नाही. छताला एक काचेचा झरोका तेवढा आहे. दार आकड्यांच्या कुलपाने बंद होते, व ते आकडे त्या मनुष्यासच ठाऊक. या बंदिवासात तिला मुलगा होतो. त्याचे नाव जॅक. चित्रपट सुरू होतो त्या दिवशी जॅकला पाच वर्षे पूर्ण होतात, आणि जॉयच्या बंदिवासास सात. पलंग, कपाट, मोरी, खुर्ची आणि दूरदर्शनचा संच एवढ्या वस्तूंच्या त्या जागेत माय-लेक व्यायाम करतात, दात घासतात, अंड्यांची टरफले ओवून साप करतात. वाढदिवसाचा केकही होतो. मेणबत्त्या मात्र नसतात, आणि त्यावरून मूल रुसते. रात्री तो मनुष्य येतो तेव्हा जॅकला कपाटात निजविले जाते.

जॅकला बाहेर जग आहे हे ठाऊक नाही. ही खोली म्हणजेच सर्व काही, तिच्या भिंतींपलीकडे केवळ पोकळी, आणि पडद्यावर दिसणारी माणसे, झाडे, समुद्र हे सारे खोटे, असे आईने त्याला शिकविले आहे. खरे काय ते दोघेच. आमच्या लेखा विभागातील स्नेह्यांचा आक्षेप होता तो यासंबंधी.

ही कथा एमा डोनोह्यू या आयरिश लेखिकेच्या २०१० सालच्या कादंबरीवरून घेतली असून पटकथाही तिचीच आहे. दिग्दर्शन लेनी अब्राहमसन यांचे. २००८ साली ऑस्ट्रियातील आम्स्टेटन या गावी एक भयंकर प्रकरण उघडकीस आले होते. एका पित्याने स्वतःच्या मुलीस चोवीस वर्षे तळघरात कोंडले होते, आणि तिच्या मुलांपैकी तिघांनी तोवर बाहेरचे जग पाहिलेच नव्हते. त्या बातमीने आपणास कादंबरीची पहिली प्रेरणा दिली, असे लेखिकेने सांगितले आहे. कथा निराळी आहे. परंतु अशा तऱ्हेने वाढलेली बालके कल्पनेतच असतात असे म्हणण्याची सोय आपणास उरलेली नाही.

आता मुख्य प्रश्न. दुसऱ्याच्या हितासाठी बोललेले असत्य दोषास्पद आहे काय? आपल्याकडे हा प्रश्न निघाला की महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा आठवते. कौशिक नेहमी सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंच्या भयाने काही लोक त्याच्या आश्रमाजवळील वनात शिरले. लुटारूंनी वाट विचारली. कौशिकाने खरी वाट सांगितली. ते लोक मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. ही कथा श्रीकृष्णाने अर्जुनास सांगितली आहे. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एका निबंधात असे प्रतिपादिले की, मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याने दाराशी येऊन मित्र कोठे आहे असे विचारले, तरी खोटे बोलण्याचा अधिकार आपणास नाही. महाविद्यालयात असताना आम्ही या दोन मतांची तुलना करून गुण मिळविले होते, आणि श्रीकृष्णाच्या बाजूने कौल देऊन हा विषय कायमचा निकालात काढला होता.

हा चित्रपट पाहताना तो निकाल पुन्हा उघडावा लागला. कारण कौशिकाच्या व कांटच्या दोन्ही उदाहरणांत असत्य बोलावयाचे असते ते दुर्जनाशी, आणि तेही एकदाच. जॉय असले असत्यही बोलते. मुलगा तापाने मेला असे ती त्या मनुष्यास सांगते, सतरंजीत गुंडाळलेले 'प्रेत' नेऊन पुरावयास लावते, आणि त्यामुळेच मुलाची सुटका होते. त्या असत्याबद्दल प्रेक्षकांपैकी कोणाच्याही मनास टोचणी लागत नाही. टोचणी लागते ती दुसऱ्या असत्याची. ते दुर्जनाशी बोललेले नाही. जो सर्वस्वी आपल्यावर विसंबून आहे अशा बालकाशी बोललेले आहे. आणि ते एकदाच बोलून संपलेले नाही. पाच वर्षे रोज सकाळी नव्याने बोलावे लागले आहे.

तिने तसे का केले हे समजणे कठीण नाही. बाहेर बाग आहे, समुद्र आहे, इतर मुले आहेत, आणि यांपैकी काहीही तुझ्या वाट्यास येणार नाही, असे तिने बाळास सांगावयास हवे होते काय? ज्या इच्छेची पूर्ती अशक्य आहे ती इच्छाच मुलाच्या मनात उत्पन्न होऊ द्यावयाची नाही, असे तिने ठरविले. त्यामुळे जॅक दीनवाणा झाला नाही. तो खोलीतील प्रत्येक वस्तूस सकाळी अभिवादन करणारा, आपल्या राज्यात सुखी असलेला मुलगा झाला. परंतु आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मान्य केल्यावाचून या विचारास प्रामाणिकपणा येणार नाही. या असत्याचा लाभ आईलाही होत होता. मुलाच्या डोळ्यांत बाहेरची ओढ रोज पाहावी लागणे हे दुःख तिला टळले होते. कौशिक खोटे बोलला असता तर त्यात त्याचा स्वतःचा काहीच लाभ नव्हता. प्रेमापोटी बोललेल्या असत्यात मात्र बोलणाराचा वाटा बहुधा असतोच.

आता पुढे काय होते ते पाहा. त्या मनुष्याची नोकरी गेलेली असते. याचे आता आपणांकडे दुर्लक्ष होईल, कदाचित त्याहूनही वाईट होईल, हे आई ओळखते. सुटकेचा एकच मार्ग उरतो, आणि त्यात पाच वर्षांच्या जॅकलाच सर्व करावयाचे आहे. परंतु बाहेर जग आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो चालत्या गाडीतून त्या जगात उडी कशी मारणार? ज्या भिंतीने मुलाचे मन राखले तीच आता त्याच्या सुटकेच्या आड आली. दाराचे कुलूप त्या मनुष्याने लावले होते. मुलाच्या समजुतीचे कुलूप आईने लावले होते, आणि ते उघडणे तिच्याच हाती होते.

ती ते उघडते. ज्या सत्याची बालकास कल्पनाही नाही ते ती त्याला समजावून सांगू लागते. भिंतीला दुसरी बाजू असते, पडद्यावरील काही गोष्टी खऱ्या असतात, मी एकेकाळी तुझ्यासारखीच मुलगी होते, मला घर होते. जॅक आनंदित होत नाही. तो चिडतो, आईवर ओरडतो, हे ऐकावयाचेच नाकारतो. त्याला दुसरी गोष्ट हवी असते. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत मोठे धैर्य या प्रसंगात आहे. गाडीतून उडी मारण्याचे धैर्य मुलाचे. पण ज्याच्या डोळ्यांत आपण आजवर एकमेव सत्य होतो, त्याच्यासमोर आपण खोटे बोललो असे कबूल करण्याचे धैर्य त्या मातेचे.

यावरून आम्हांस असे वाटू लागले आहे की, दुसऱ्याच्या हितासाठी बोललेल्या असत्यास माफी असली तरी ती मुदतीची असते. कार्यालयात तात्पुरता हुकूम काढतात तसे ते आहे. अडचण असते तोवर तो चालतो. परंतु ज्याने काढला त्यानेच तो वेळेवर रद्द केला पाहिजे, नाही तर तात्पुरते तेच कायम होऊन बसते. ही मुदत संपल्याच्या दोन खुणा सांगता येतील. ऐकणाराच्या अंगी सत्य सोसण्याची, किंवा त्यावर काही करण्याची, शक्ती आली, ही पहिली खूण. आणि त्या असत्याचा उपयोग ऐकणारापेक्षा बोलणारासच अधिक होऊ लागला, ही दुसरी. त्यापुढे ते चालू ठेवणे म्हणजे दया नव्हे. ती बोलणाराची सोय होय. जॉय निर्दोष ठरते ती खोटे बोलली नाही म्हणून नव्हे, तर तिने ते आपल्या हाताने संपविले म्हणून.

आमच्या स्नेह्यांचा आक्षेप येथे संपला असता. परंतु सुटकेनंतर चित्रपटात याहून कठोर आक्षेप येतो. दूरदर्शनवरील मुलाखतीत एक बाई जॉयला विचारतात की, मूल जन्मले तेव्हाच ते रुग्णालयाबाहेर नेऊन ठेवावयास त्या मनुष्यास सांगावे, म्हणजे निदान ते तरी मोकळे वाढेल, असे तुमच्या मनात कधी आले नाही काय? जॉय गडबडते. त्यानंतर थोड्याच काळात ती गोळ्या घेऊन जीव देण्याचा प्रयत्न करते.

हा प्रश्न क्रूर आहे, परंतु पोकळ नाही. आपल्या पुराणात एका बंदिवान मातेने नेमके हेच केले आहे. कंसाच्या कारागृहात देवकीने आठवे मूल जन्मताच वसुदेवाच्या हाती दिले, आणि ते गोकुळात मोकळे वाढले. मग जॉयने देवकी व्हावयास नको होते काय? पण देवकीसाठी शृंखला गळून पडल्या होत्या, पहारेकरी निजले होते, पलीकडे नंद-यशोदेचे घर होते, आणि मूल नेणारे हात त्याच्या पित्याचे होते. जॉयजवळ होते ते एकच हात, आणि ते तिला कोंडणाराचे होते. आम्स्टेटनच्या प्रकरणातही काही मुले वरच्या घरात नेऊन वाढविण्यात आली. पण तो निर्णय मातेचा नव्हता, त्या पित्याचाच होता.

इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाई व त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहूंची सुटका झाली. मातेस मात्र ओलीस म्हणून ठेवून घेण्यात आले. पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीस आले, तेव्हा तीस वर्षांच्या कैदेनंतर त्या स्वदेशी परतल्या. याच दिल्लीत आम्ही रोज बसने कार्यालयास जातो. पुत्राने जावे व आपण राहावे हा येसूबाईंचा निर्णय होता काय? तो त्यांना कोणी विचारलाच नव्हता. निवड करण्याची संधी देवकीस मिळाली ती देवाच्या कृपेने. इतिहासातील बंदिवान मातांस ती मिळत नाही, आणि जी निवड त्यांच्यापुढे कधी ठेवलीच नव्हती तिचा जाब मात्र मागाहून विचारला जातो. प्रकरण मिटल्यावर सुरक्षित खुर्चीत बसून फाईलीवर शेरा मारण्याची ही तऱ्हा आपणां नोकरदारांच्या चांगली परिचयाची आहे.

तरीही जॉय त्या प्रश्नाने कोसळते, याचे कारण आम्हांस असे दिसते की, त्यात सत्याचा एक कण आहे. मूल जवळ होते म्हणून ती जगली. त्याला वाचविताना ती स्वतःही वाचत होती. आपले प्रेम निर्भेळ नव्हते या जाणिवेने ती खचते. आपण पुरेशी चांगली आई झालो नाही, असे ती पुढे मुलासमोर कबूल करते. त्यावर तिची बाजू मांडणारा वकील असता तर त्याने लांबलचक भाषण केले असते. जॅक तिला चांगली ठरवीत नाही की वाईट ठरवीत नाही. ती त्याची आई आहे, एवढेच तो तिला आठवून देतो. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटते. हेतूत स्वतःचा वाटा मिसळला म्हणून कृतीचे मोल नाहीसे होत नाही. तो वाटा लपविला तर मात्र ते कमी होऊ लागते.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मोकळ्या जगात आलेल्या जॅकला खोलीची आठवण येते. सुटल्यावर शाहूंनी खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, असे इतिहासकार सांगतात. ज्याने पित्यास मारिले त्याच्या कबरीशी पुत्र जातो, याचा अर्थ अनेकांनी राजकारणात शोधला आहे, आणि तो तेथे असेलही. परंतु सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत ज्या छावणीत मनुष्य वाढला ती त्याला केवळ कैद कशी वाटणार? जॅकच्या हट्टावरून आई त्याला शेवटी त्या छपरीत परत घेऊन जाते. पोलिसांनी वस्तू नेलेल्या, दार उघडे. खोली लहान झाली की काय, असे मुलास वाटते. तो उरलेल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, आणि आईलाही घ्यावयास लावतो. बाहेर बर्फ पडत असते.

आता आमची खाजगी गोष्ट.

आमची कन्या सात वर्षांची आहे. ती दिल्लीत जन्मली, सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांच्या निवासस्थानात वाढली. ती बोलू लागली तेव्हापासून आम्ही तिला सांगत आलो की, हे आपले खरे घर नव्हे. आपले घर रत्नागिरीकडे आहे, तेथे माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे, परसात फणस आहे, विहिरीवर रहाट आहे. रूममधल्या आईने मुलाला बाहेरचे खरे जग खोटे म्हणून सांगितले. आम्ही उलट केले. मुलगी जेथे राहते ते खोटे ठरविले, आणि जे तिने एकदाच, तान्ही असताना पाहिले, ते खरे. येथपर्यंत यात असत्य म्हणावे असे काही नव्हते. परदेशी नोकरी करणारा प्रत्येक मराठी मनुष्य मुलांशी असेच बोलतो.

परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री निवर्तल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ते घर विकले गेले. त्या विक्रीच्या कागदावर आमचीही सही आहे. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आजी गेल्याचे दुःखच तिला पुष्कळ होते, म्हणून घराचे आम्ही सांगितले नाही. ते तेव्हा योग्यच होते असे आम्हांस अद्यापि वाटते. पुढे प्रत्येक मे महिन्यात ती विचारी, "बाबा, आपण आपल्या घरी कधी जायचं?" आणि आम्ही सांगत असू की, साहेबांनी रजा मंजूर केली नाही. बिचाऱ्या साहेबांनी आमची रजा कधीही नाकारलेली नाही. झोपाळ्याच्या गोष्टी मात्र आम्ही सांगतच राहिलो. आणि खरे सांगावयाचे तर, गेल्या वर्षी-दीड वर्षात त्या तिच्यापेक्षा आम्हांसच अधिक हव्याशा वाटत होत्या. सही केलेला हात त्या गोष्टी सांगताना विसरता येई. मुदत केव्हाच संपली होती.

चित्रपटानंतर पंधरा दिवसांनी आम्ही तिला सर्व सांगितले. पत्नी जवळ बसली होती. कन्या रडली नाही. तिने विचारले, "मग तुम्ही रजेचं खोटं सांगत होतात?" आम्ही होय म्हणालो. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. डबासुद्धा तिने आईकडूनच भरून घेतला. तिसऱ्या दिवशी रात्री येऊन म्हणाली, "त्या झोपाळ्यावर आता कोण बसतं?" त्या घरी दोन लहान मुले आहेत असे आम्ही ऐकले होते, तेवढे सांगितले. मग आपण बघायला जाऊ या, असे ती म्हणाली.

येत्या मे महिन्यासाठी आम्ही एल. टी. सी.चा अर्ज केला आहे, आणि ज्यांनी घर घेतले त्यांस पत्रही लिहिले आहे. अवश्य या, फणस धरला आहे, असे त्यांचे उत्तर आले. तेथे जाऊन झोपाळ्याशी ओळख करून घ्यावयाची की त्याचा निरोप घ्यावयाचा, हे कन्येने अद्याप ठरविलेले नाही. आम्हीही तिला विचारलेले नाही.